समुद्रकाठी बसून निसर्गचित्र शिकताना: मे महिन्यातील कोकणच्या शिबिरासाठी मार्गदर्शन

चित्रकलेच्या उन्हाळी शिबिरासाठी कोकणात येणाऱ्या बहुतेकांनी त्याआधी घरी, छायाचित्र समोर ठेवून निसर्गचित्रे रंगवलेली असतात. हात बऱ्यापैकी बसलेला असतो, रंगांची नावे पाठ असतात, आणि तरीही पुळणीवर पहिल्यांदा बोर्ड मांडून बसल्यावर तासा-दीड तासात चित्र हातातून निसटते. याचे कारण कौशल्याच्या कमतरतेत शोधू नये. छायाचित्रात वेळ थांबलेली असते. किनाऱ्यावर ऊन सरकत राहते, पाणी चढते किंवा उतरते, आणि समोरची होडी आपण तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, रेखाटत असतानाच तोंड फिरवते. त्यामुळे वेळ ओळखणे, आणि एकदा निवडलेली वेळ कागदावर शेवटपर्यंत धरून ठेवणे, हीच अशा शिबिरात शिकण्याची मुख्य गोष्ट आहे, असे माझे मत आहे. पुढील मार्गदर्शन जलरंगांत काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणादाखल दापोली तालुक्यातील हर्णै बंदर आणि मेच्या मध्यातील पाच दिवस डोळ्यांपुढे धरले आहेत. किनारा दुसरा असला तरी पद्धत बदलत नाही.

तारखा ठरवताना तिथी पाहावी

शिबिराच्या तारखा आपल्या हातात असतील, तर सुट्टीच्या आधी तिथी पाहावी. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणून पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. प्रत्यक्षात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, परंतु चित्रकाराला एवढा अंदाज पुरतो. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि हे सगळे चक्र रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते.

या हिशेबाचा चित्राशी थेट संबंध आहे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास भरती मध्यान्ही येते, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, चित्र काढण्याच्या नेमक्या वेळांना, ओहोटी असते. हे उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी सर्वांत लांब जाते आणि ओल्या वाळूचा रुंद, आकाश झेललेला पट्टा उघडा पडतो. होड्या वाळूवर कलंडलेल्या असतात आणि त्यांचे तळ दिसतात. अष्टमीच्या सुमारास याच्या उलट स्थिती असते: सकाळ-संध्याकाळ पाणी भरलेले, होड्या तरंगत असलेल्या, पुळण अरुंद. नवशिक्याने पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत, कारण वाळूवर टेकलेली होडी हलत नाही आणि ओल्या वाळूत आकाशाचा रंग वाचायला सोपा जातो. अष्टमीचे पाणी दुसऱ्या शिबिरासाठी राखून ठेवावे.

सुरक्षिततेसाठीही हा हिशेब आवश्यक आहे. १८८५ साली फ्रान्सच्या एत्रता येथील कड्यांखाली क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार चित्र काढत असताना त्याचा भरतीचा अंदाज चुकला आणि लाटेने त्याला सामानासकट लोळवले. समुद्राची इतकी चित्रे काढलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. कातळावर उतरून बसायचे असेल, तर पाणी उतरत असतानाच उतरावे, आणि परतीची वाट कोणत्या बाजूने आधी बुडते हे गावातल्या माणसाला विचारून घ्यावे.

दिवसातल्या दोन वेळा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात या अक्षांशावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो याच सुमारास असतो. सावली नसेल तर माडाचे खोड, होडीची फुगीर बाजू, तटबंदीचा कोन यांना आकार देणारे काहीच उरत नाही, सर्व रंग पांढुरके होतात आणि कागदाचे तेज डोळ्यांना सहन होत नाही. दहा ते चार ही वेळ म्हणून चित्रासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. ती जेवण, झोप, कोकम सरबत आणि सकाळच्या कामाची पाहणी यांसाठी ठेवावी. त्या उन्हात बसण्यात शौर्य नाही. डोके दुखले की संध्याकाळची बैठकही वाया जाते.

मेच्या मध्यात सूर्योदय सहाच्या सुमारास आणि सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. सकाळी ऊन डोंगराकडून, आपल्या पाठीमागून येते, त्यामुळे समुद्र समोरून उजळलेला, थंड रंगांचा आणि सपाट दिसतो, सुरूच्या बनाची सावली पाण्याच्या दिशेने पुळणीवर लांब पसरते, आणि होड्यांचे खरे रंग, निळे, हिरवे, तांबडे, स्पष्ट वाचता येतात. या वेळी मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, हलका असतो. दुपारनंतर खारा वारा, म्हणजे समुद्राकडून येणारा, जोर धरतो आणि ऊन समुद्राकडून डोळ्यांवर येते. मग होड्या, माणसे आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग किल्ला हे सगळे गडद आकार होतात आणि पाणी चांदीसारखे लखलखते. ही दोन चित्रे मुळातच वेगळी आहेत. सकाळी सुरू केलेले चित्र संध्याकाळी पूर्ण करू नये. ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, आणि पाणी साधारण त्याच पातळीवर असताना, पूर्ण करावे.

समुद्र पाहायला आलेली माणसे संध्याकाळभर पश्चिमेकडेच तोंड करून बसतात. एक दिवस तरी पाठ फिरवून बसावे. मावळतीचे ऊन त्या वेळी गावावर पडलेले असते: जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, निखाऱ्यासारखा तांबूस दिसतो, कौले केशरी होतात, आणि पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पायऱ्यांवर माडांच्या निळसर सावल्या उतरतात. माझ्या दृष्टीने कोकणातली सर्वांत रंगीत संध्याकाळ समुद्राच्या विरुद्ध बाजूला असते.

बरोबर काय न्यावे

सामान एका खांद्यावर मावेल इतकेच असावे, कारण वाळूत चालताना प्रत्येक जास्तीचा ब्रश जाणवतो. कागद शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा आणि थोडा खरखरीत घ्यावा. पातळ कागद सागरी हवेत लगेच फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. पूर्ण इंपिरिअल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचा चौथा भाग, म्हणजे ११ बाय १५ इंच, हा मोठ्यात मोठा आकार ठेवावा, आणि पहिले दोन दिवस त्याच्याही निम्मा. बोर्डाला कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवावा. एक मोठा चपटा ब्रश, एक मोठा गोल, एक मध्यम गोल आणि एक लांब केसांचा बारीक, एवढे ब्रश पुरेसे आहेत.

रंग आठच न्यावेत: अल्ट्रामरीन ब्लू, कोबाल्ट ब्लू, व्हिरिडियन, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड आणि अलिझरिन क्रिमसन. यांत काळा नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळल्यावर जो गडद करडा मिळतो, तो होडीच्या डांबराला, ओल्या कातळाला आणि माडाच्या सावलीला पुरतो, आणि त्यातला निळ्याचा किंवा तांबड्याचा वाटा बदलून त्याला थंड वा उबदार करता येते. लाइट रेड हा कोकणासाठी अनिवार्य आहे. कौले, चिरा, लाल माती हे सर्व त्याच्यातून निघते, आणि कोबाल्टबरोबर तो क्षितिजाजवळच्या धुरकट आकाशाचा मऊ करडाही देतो. ट्यूबमधला रंग घरूनच पॅलेटमध्ये भरून न्यावा. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने घडीच्या कथिली ट्यूबचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून उघड्यावर रंगवणे खऱ्या अर्थाने सोपे झाले, ही सोय आपण गृहीत धरतो. परंतु वाऱ्यात ट्यूब उघडली की तिच्या तोंडाशी वाळू चिकटते आणि तिथून ती पॅलेटभर होते. मोनेच्या १८७० सालच्या त्रूव्हील किनाऱ्यावरील एका चित्राच्या रंगात आजही वाळूचे कण आहेत. तैलरंगात ते शोभून दिसतात, जलरंगाच्या सपाट वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात, मात्र प्रत्येक कण ओरखडा काढतो.

गोडे पाणी दोन लिटर तरी न्यावे. समुद्राचे पाणी रंगात वापरू नये, कारण वाळल्यावर त्यातले मीठ कागदावर राहते आणि दमट हवेत ओल धरते. छत्री पांढरी किंवा करडी असावी. रंगीत छत्री आपला रंग कागदावर पाडते आणि आपल्या प्रत्येक मिश्रणाचा तोल बिघडवते. कागद सावलीत असणे हे शरीर सावलीत असण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे. उन्हात कागद इतका चमकतो, की प्रत्येक छटा फिकी वाटते, आपण ती गडद करत जातो आणि खोलीवर आणल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. काळा चष्मा काम करताना काढून ठेवावा, टोपी रुंद काठाची घालावी. घडीच्या ईझलच्या मध्याला पिशवी बांधून तिच्यात वाळू भरावी. खाऱ्या वाऱ्याला दुसरे उत्तर नाही.

पहिला दिवस रंगाविना

पहिल्या सकाळी रंग उघडू नयेत. पुठ्ठ्यात काडेपेटीच्या आकाराची चौकट कापून तिच्यातून पाहत किनाऱ्यावरून हिंडावे, आणि स्केचबुकात तळहाताएवढी दहा-बारा टिपणे करावीत. प्रत्येकात फक्त तीन छटा: कोरा कागद, मधला करडा आणि गडद. एका टिपणाला पाच मिनिटे. होडी, माड, किल्ला अशी नावे मनातून काढून टाकून, उजळ भाग कुठे संपतो आणि गडद कुठे सुरू होतो एवढेच पाहावे. डोळे किलकिले केले, की तपशील पुसले जातात आणि चार-पाच मोठे आकार उरतात. टिपणात ते आकार एकमेकांत अडकून उभे राहत नसतील, तर रंगाने ते चित्र सुधारणार नाही.

दुसऱ्या दिवशी रंगाने, पण फक्त मोठ्या चपट्या ब्रशने काम करावे. या शिस्तीला मोठी परंपरा आहे. अमेरिकी चित्रकार विल्यम मेरिट चेस यांनी १८९१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या शिनेकॉक येथे समुद्रकाठी उन्हाळी शाळा सुरू केली. त्यांचे शिष्य चार्ल्स हॉथॉर्न यांनी १८९९ मध्ये केप कॉडवरील प्रॉव्हिन्सटाउन येथे स्वतःची शाळा काढली आणि विद्यार्थ्यांना किनाऱ्यावर उन्हाकडे पाठ करून बसवलेली माणसे ब्रशऐवजी पुटीच्या चाकूने रंगवायला लावली. चाकूने नाक-डोळे काढता येतच नाहीत. हाताला रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि ते अचूक पडले की माणूस आपोआप उभा राहतो. जलरंगात हे काम चपटा ब्रश करतो. वीस मिनिटांत एक, अशी पोस्टकार्डाएवढी सहा चित्रे एका बैठकीत करावीत. त्यांपैकी एकही चांगले झाले नाही तरी चालेल, परंतु एकही अर्धवट सोडू नये.

क्षितिज

समुद्राच्या चित्रात सर्वांत आधी क्षितिजाची रेषा ठरते आणि ती ठरवण्याचे स्वातंत्र्य आपल्याला वाटते तेवढे नसते. किनाऱ्यावर क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. आपण उभे असू, तर सपाट पुळणीवर उभ्या असलेल्या, साधारण आपल्याच उंचीच्या सर्व माणसांची डोकी क्षितिजाच्या रेषेला लागतात, मग ती दहा पावलांवर असोत वा दोनशे. बदलतात ते फक्त पाय. आपण खाली बसलो, की तीच रेषा त्यांच्या कमरेच्या थोडी वर येते. शिबिरातल्या चित्रांत माणसे हवेत तरंगताना किंवा वाळूत रुतलेली दिसतात त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. हर्णैच्या कनकदुर्ग किल्ल्याच्या टेकाडावर चढून बसल्यास खालची माणसे आणि होड्या पूर्णपणे क्षितिजाखाली येतात आणि समुद्राचा पट चित्रात उंच चढतो. रेषा टेप लावून किंवा पट्टीने अचूक आडवी घ्यावी. बाकी सारे हाताने काढावे, परंतु कललेले क्षितिज डोळा क्षमा करत नाही. ती चित्राच्या बरोबर मध्यावर येऊ देऊ नये. आकाश सांगायचे आहे की वाळू, हे आधी ठरवावे.

आकाश, पाणी, ओली वाळू

रंगवण्याचा क्रम असा ठेवावा, की जे सर्वांत लवकर बदलते ते आधी पकडले जाईल. म्हणून पेन्सिलीने बेताचे रेखाटन झाल्यावर सावल्यांच्या कडा लगेच आखून घ्याव्यात. पुढच्या दीड तासात त्या सरकतील, तरी कागदावर सरकवू नयेत.

आकाश एका दमात, ओल्यावर ओले असे घालावे. मेमधल्या किनाऱ्याचे आकाश वरती निळे आणि क्षितिजाकडे दुधाळ, किंचित तांबूस असते, कारण त्या दिशेला आपण हवेचा आणि बाष्पाचा कितीतरी जाड थर पाहत असतो. याच कारणाने एकामागून एक दूर जाणारी भूशिरे क्रमाक्रमाने फिकी आणि निळसर होतात. पहाटे हवा इतकी दमट असते की वॉश वाळायला वीस मिनिटेही लागतात. त्या वेळात त्याला हात न लावणे हीच कसोटी आहे. दुपारनंतर वाऱ्यामुळे तोच वॉश दोन मिनिटांत वाळतो आणि मध्ये कडा उमटतात, म्हणून तेव्हा कागद आधी नुसत्या पाण्याने भिजवून घ्यावा आणि रंग जास्त प्रमाणात कालवून ठेवावा.

पाणी निळे असते, ही समजूत किनाऱ्यावर तासभर बसल्यावर गळून पडते. दूरचे पाणी आपण तिरक्या नजरेने पाहतो, म्हणून ते आकाश दाखवते. पायाशी असलेल्या पाण्यात नजर वरून उतरते, म्हणून तिथे तळाची वाळू आणि गढूळपणा दिसतो. लाट उभी राहते तेव्हा तिच्या पुढच्या अंगातून आपण पाण्याच्या आत पाहत असतो, आणि तिथे हिरवा दिसतो. तिची पाठ मात्र आकाशाचा रंग घेते. फेस पांढरा सोडावा, पण तोही सगळा पांढरा नसतो: संध्याकाळी उजेड त्याच्या मागून येतो आणि आपल्याकडची बाजू निळसर करडी असते. लाट रंगवण्याआधी दहा लाटा नुसत्या पाहाव्यात, अकरावीला डोळे मिटावेत आणि जो आकार मनात राहिला तोच काढावा.

ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा गडद असते आणि तरीही तिच्यावर उजळ आकाश पसरलेले असते. या दोन्ही गोष्टी एकदम साधण्यासाठी आधी वाळूचा गडद, उबदार थर आडवा घालावा, आणि तो ओला असतानाच आकाशाचा रंग उभ्या फटकाऱ्यांनी खाली ओढावा. प्रतिबिंबे उभी उतरतात; पाण्याची हालचाल आडवी असते. गडद होडीचे प्रतिबिंब होडीपेक्षा थोडे उजळ आणि पांढऱ्या होडीचे थोडे गडद ठेवले, की वाळू ओली दिसू लागते.

संध्याकाळची चमक ही रंगाने घालायची वस्तू नाही, ती कागदातून राखायची असते. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर पारदर्शक जलरंगाचे मोठे चित्रकार होते. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे सुप्रसिद्ध जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीचे तेज गडदाने किती जपून वेढता येते, हे ते पाहिल्यावर समजते. आपल्याला लाटांवरची चमक हवी असेल, तर ब्रशमध्ये रंग जास्त आणि पाणी कमी ठेवून, ब्रश आडवा धरून खरखरीत कागदावरून तो झपाट्याने न्यावा. उंचवट्यांना रंग लागतो, खळगे पांढरे राहतात. मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागदाचा पांढरा भाग झाकून ठेवणारा आणि नंतर सोलून काढायचा द्रव, मेच्या उन्हात वापरणे मी टाळतो, कारण तापल्यावर ते कागदात बसते आणि काढताना वरचा पापुद्रा उचलून आणते.

होड्या आणि माणसे

होडी आधी खेळण्यातल्या होडीसारखी निघते, कारण आपण तिचे दोन्ही काठ सारखेच वळवतो. एका लांबट आयताचे कर्ण काढून त्यांच्या छेदातून तिचा कणा घ्यावा, मग नाळ आणि मागचे टोक किती वर उचलले आहे ते मोजावे. ते नेहमी वाटते त्यापेक्षा जास्त असते. भरती येत असेल तर होडी सर्वांत आधी आणि दोन मिनिटांत रेखाटावी, कारण एकदा पाणी तळाखाली शिरले की ती उभी होते आणि वाऱ्याकडे तोंड करते.

हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव भरतो. ते दृश्य मोह पाडणारे आहे, आणि तिसऱ्या दिवसाआधी त्याला हात घालू नये. गर्दी हा एकच गडद आकार म्हणून घ्यावा, त्याच्या वरच्या कडेला डोकी आणि टोपल्या यांचा चढउतार द्यावा आणि दोन-तीनच माणसांचे रंग स्वतंत्र दाखवावेत. तिथे लोकांचे पोटापाण्याचे काम चाललेले असते, हे विसरू नये: वाटेत ईझल लावू नये, कोणाचे रेखाटन जवळून करायचे असल्यास विचारावे, आणि विचारणाऱ्याला कागद दाखवावा. होडीच्या दोरांबद्दलची चूक सर्वांत आधी खलाशालाच दिसते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात होड्या वर ओढून शाकारण्याची लगबग सुरू होते. झापांखाली, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांखाली, अर्ध्या झाकलेल्या, टेकू लावलेल्या होड्या रेखाटनासाठी फार उत्तम. चार-पाच दिवस त्या जागच्या हलत नाहीत.

शिकवणाऱ्याकडून काय घ्यावे

शिबिरात रोज एक प्रात्यक्षिक होते. ते चालू असताना स्वतः रंगवू नये आणि मोबाइलवर चित्रण करण्यातही लक्ष घालवू नये. शिकवणारा कागदाकडे किती वेळ पाहतो आणि समुद्राकडे किती, ब्रशमध्ये पाणी किती धरतो, आणि कोणत्या जागी मुद्दाम थांबतो, हे टिपावे. नंतर त्याच जागेवरून तेच चित्र न काढता पन्नास पावले बाजूला जाऊन बसावे. चुका दाखवून घेताना "हे कसे झाले आहे" असे विचारण्यापेक्षा "इथे पाणी वाळूपेक्षा उजळ वाटते का" असा नेमका प्रश्न केल्यास उपयोगी उत्तर मिळते.

दुपारच्या पाहणीत सर्वांची चित्रे सावलीत, भिंतीला टेकवून दहा फुटांवरून पाहावीत. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, तिथी, वेळ आणि पाणी चढते होते की उतरते हे लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी त्याच जागी परत बसायचे असेल, तर याच नोंदी उपयोगी पडतात. परतताना चित्रे पूर्ण वाळल्याखेरीज एकावर एक ठेवू नयेत, आणि उरलेला कोरा कागद प्लास्टिकमध्ये हवाबंद करून न्यावा. जूनच्या ओलीत कागदावरचा सरस बुरशी धरतो, आणि अशा कागदावर पुढच्या मे महिन्यात आकाशाचा पहिलाच वॉश डागाळलेला उमटतो.